घ्यायचा मोह आणि मागायची लाज

प्रश्न: मी आमच्या मंडळीचा खजिनदार आहे. बरीच वर्षं हे काम माझ्याकडे आहे. रविवारच्या अर्पणाची मोजणी, बँकेतला भरणा, पावत्या, सगळं मीच पाहतो. खात्यातून पैसे काढायला माझी एकट्याची सही पुरते. गेल्या वर्षी माझा धंदा बसला. कर्जाचे हप्ते थकलेत, मुलीची फी भरायची आहे. काही महिने एकच विचार डोक्यात घोळतोय: इमारत निधीत पैसे पडून आहेत, त्यातले थोडे उचलावेत आणि धंदा सावरला की गुपचूप परत भरावेत. कुणाला कळणारही नाही. एका रात्री चेकवर आकडा टाकला, सही केली आणि मग तो फाडून टाकला. उपास केले, रडून प्रार्थना केली, तरी विचार जात नाही. कधी वाटतं, दाविदानेही भुकेच्या वेळी समर्पित भाकरी खाल्ल्याच ना? कधी वाटतं, विचार आला तेव्हाच मी चोर झालो. हल्ली प्रभुभोजनाला हात पुढे होत नाही. देव माझी परीक्षा पाहतोय का? काहीतरी कारण सांगून खजिनदारकी सोडून द्यावी का? घरी यातलं कुणालाच माहीत नाही.
(एक खजिनदार)

उत्तर:

प्रिय बंधू,

तुम्ही चोर नाही. चेक तुम्ही फाडलात, आणि त्या रात्री तो फाडताना तिथे पाहायला कुणी नव्हतं. ही गोष्ट तुम्ही पत्रात एका ओळीत उरकली आहे, पण मला ती तुमच्या सगळ्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ वाटते. मोह होणं म्हणजे पाप करणं नव्हे. इब्री लोकांस पत्रात प्रभू येशूविषयी म्हटलं आहे की तो सर्व प्रकारे आपल्याप्रमाणे पारखलेला होता, तरी निष्पाप राहिला. मोहाचा नुसता स्पर्शच पाप असता, तर हे वाक्य लिहिताच आलं नसतं.

पण एवढ्यावर निर्धास्तही होऊ नका. याकोब आपल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात पापाची वाट पायरीपायरीने दाखवतो: माणूस स्वतःच्या वासनेने ओढला जातो, वासना गर्भवती होते, मग पापाला जन्म देते, आणि पाप वाढून मरणाला. तुमच्या मनात विचार आला, तो एक भाग. पैसे कोणत्या निधीतून उचलायचे, परत कसे भरायचे, कुणाला कळेल की नाही, हा हिशोब तुम्ही बसून केलात, आकडा लिहिलात, सही केलीत, तो दुसरा भाग. विचार येणं तुमच्या हातात नव्हतं. त्याला खुर्ची देऊन बसवणं होतं. मनातली ओढ हीच पाप की नाही, यावर १५३० साली लूथरन मंडळींनी आपल्या कबुलीपत्रात एक उत्तर दिलं आणि १५४६ साली कॅथलिक मंडळीच्या ट्रेंटच्या परिषदेने दुसरं. तो वाद आज इथे सोडवायचं कारण नाही, कारण त्या ओढीला खतपाणी घालू नये यावर दोन्ही बाजूंचं एकमत आहे.

देव परीक्षा पाहतोय का, हे विचारलंत. याकोबच सांगतो की मोहात पडलेल्या कुणीही देवाने मला मोहात घातलं असं म्हणू नये. देव वाइटाचा मोह कुणाला घालत नाही. अब्राहामाची त्याने पारख केली, हे खरं. पण तुमचा धंदा बुडवून, तुमच्यासमोर चेकबुक ठेवून, आता हा काय करतो ते पाहू असं म्हणणारा देव मला पवित्र शास्त्रात कुठे भेटत नाही. असा देव मनात धरून बसलात तर तुम्ही त्याच्याकडे मदतीला जाणार नाही, आणि आज तुम्हाला मदतीचीच गरज आहे.

आता भाकरींविषयी. तुम्ही दाविदाचं उदाहरण काढलंत, म्हणून मी पवित्र शास्त्रातलं पहिलं शमुवेल पुन्हा उघडलं, आणि तुम्हीही उघडा अशी विनंती करते. एकविसाव्या अध्यायात दावीद नोब गावी अहीमलेख याजकाकडे जातो आणि भाकरी मागतो. मागतो. याजक त्याला दोन गोष्टी विचारतो आणि एरवी फक्त याजकांनीच खायच्या त्या समर्पित भाकरी स्वतःच्या हाताने देतो. प्रभू येशूने पुढे या प्रसंगाचा दाखला दिला, तोही भुकेल्याची गरज नियमाहून मोठी आहे हे सांगायला. म्हणजे तुमच्या गरजेला मंडळीच्या पैशांतून मदत होणं हे शास्त्राविरुद्ध नाही. इथपर्यंत तुमचं बरोबर आहे. पण दाविदाने अंधारात हात घातला नाही. त्याने जे वाईट केलं ते वेगळंच होतं: राजाने गुप्त कामावर पाठवलंय अशी थाप त्याने याजकाला मारली. त्या थापेचा शेवट पुढच्या अध्यायात आहे. दाविदाच्या जिवावर उठलेल्या शौल राजाच्या हुकुमावरून दवेग या त्याच्या चाकराने ८५ याजकांना ठार केलं, आणि जीव वाचवून आलेल्या एकट्या अब्याथाराला, अहीमलेखाच्या मुलाला, दावीद म्हणाला की तुझ्या घराण्याच्या मरणाला मी कारण झालो. तुम्ही ज्या गोष्टीचा आधार घेऊ पाहत होतात, तिच्यात मागितलेली भाकरी कुणाला बाधली नाही, लपवालपवी मात्र एका गावाला भोवली.

शास्त्रवचन आपल्या बाजूला वळवून घेण्याचा हा मोह नवा नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. अरण्यात प्रभू येशूला मोहात पाडू पाहताना सैतानानेही स्तोत्र ९१ तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं.

त्या अरण्यात जरा थांबावंसं वाटतं, कारण तुमचा मोह तिथल्या पहिल्या मोहाच्या फार जवळचा आहे. चाळीस दिवसांच्या उपासानंतर प्रभू भुकेला होता. भूक पाप नव्हती. भाकरी पाप नव्हती. सैतानाने त्याला दारू दाखवली नाही की बाई दाखवली नाही, त्याने त्याची खरी, प्रामाणिक गरज दाखवली. आणि सुरुवात केली ती ‘तू देवाचा पुत्र असलास तर’ अशी. नुकताच बाप्तिस्मा झाला होता, ‘हा माझा पुत्र, मला परमप्रिय आहे’ ही वाणी अजून ताजी होती, आणि नेमकं तिथेच त्याने बोट ठेवलं. तुमच्या कानातला आवाज काय म्हणत असेल याची मी कल्पना करू शकते: इतकी वर्षं फुकट राबलास, हे तुझ्याच पित्याचं घर ना, मग पित्याच्या घरातलं घ्यायला चोरी कसली? मोह नेहमी वाईट गोष्टीचा असतो, या समजुतीमुळे चांगली माणसं गाफील राहतात. मुलीची फी भरणं चांगलंच आहे. खोट आहे ती मार्गात.

प्रभूने उत्तर दिलं ते पवित्र शास्त्रातल्या अनुवाद या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातलं, मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही हे. ते वचन मान्नाच्या, म्हणजे देवाने रानात पुरवलेल्या अन्नाच्या, आठवणीतून आलेलं आहे. रानात इस्राएलाला रोजची भाकरी रोज मिळायची, ती दिली जायची. तेव्हा पोटाची गरज क्षुल्लक आहे असा त्या उत्तराचा अर्थ घेऊ नका. भाकरी पित्याच्या हातून घेईन, स्वतःच्या चलाखीने बनवणार नाही, असं ते उत्तर आहे. मत्तयाच्या त्या वृत्तान्ताचा शेवट आपण पुष्कळदा वाचायचा सोडून देतो: सैतान निघून गेला आणि देवदूतांनी येऊन त्याची सेवा केली. भूक भागली. भागली ती वेगळ्या दाराने.

तुमचं दार कोणतं, त्याकडे मी येते. त्याआधी चौथ्या शतकातल्या एका माणसाचं म्हणणं तुमच्यापुढे ठेवते, कारण त्याने तुम्हाला पाहिलं होतं की काय असं मला तुमचं पत्र वाचताना वाटलं. इव्हाग्रियस हा मिसरच्या वाळवंटात राहणारा संन्यासी. मनात येणाऱ्या वाईट विचारांवर शास्त्रातून काय उत्तर द्यायचं, याची त्याने जवळजवळ पाचशे नोंदींची यादी केली होती. द्रव्यलोभाचा विचार माणसाच्या मनाशी काय बोलतो, हेही त्याने लिहून ठेवलं आहे. तो विचार चैनीचं बोलत नाही. लांबलचक म्हातारपण, काम न होणारे हात, येऊ घातलेला दुष्काळ, आजारपण, हे सगळं तो डोळ्यांपुढे उभं करतो, आणि त्यासोबत दुसऱ्याकडून गरजेपुरतं घ्यावं लागण्याची मोठी लाज.

ही लाजच तुमच्या पत्रात मला ओळीओळीत दिसली. पैसे हवे आहेत हे तुम्ही प्रभूला सांगितलंत, पण माणसांपैकी कुणालाही नाही. बायकोला नाही, पाळकांना नाही. ज्या मंडळीचे पैसे गुपचूप घ्यायला मन तयार झालं, तिच्यासमोर ‘मी अडचणीत आहे’ एवढं म्हणायला मन तयार होत नाही. तुमचा खरा मोह पैशांचा आहे असं मला वाटत नाही. गरजू म्हणून कुणाच्या नजरेस न पडण्याचा तो मोह आहे. अर्पणाची पेटी मोजणारा माणूस पेटीतून मदत घेणारा कसा होईल, हे तुम्हाला सहन होत नाहीये. आणि म्हणूनच उपास करूनही विचार गेला नाही. इच्छा जावी असं तुम्ही मागत होतात, लाज जावी असं कधी मागितलं नाहीत.

विचार जात नाही म्हणून प्रार्थना वाया गेली, असंही समजू नका. मिसरचाच संन्यासी अंतोनी म्हणायचा की शेवटच्या श्वासापर्यंत मोहाची अपेक्षा ठेवावी. लूकही लिहितो की सैतान प्रभूला सोडून गेला तो संधी मिळेपर्यंतच. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात पौल जे वचन देतो ते नीट पाहा. मोह येणारच नाही, किंवा आला तरी ओढ लागणार नाही, असं तो म्हणत नाही. मनुष्याला सहन होणार नाही अशी परीक्षा तुमच्यावर आलेली नाही, आणि परीक्षेबरोबर देव निभावून जाण्याचा उपायही करील, असं म्हणतो. तुम्ही सुटकेची वाट पाहत आहात ती आतून, मनातून. मला ती बाहेर दिसते, आणि ती तुम्हालाही माहीत आहे, फक्त आवडत नाही. ती वाट म्हणजे दुसरी सही.

या आठवड्यातच पाळकांना भेटा. पत्रात मला जे लिहिलंत तेच त्यांना सांगा, फाडलेल्या चेकसकट. चेकबुक सोबत घेऊन जा आणि त्यांच्या देखत दुसऱ्या जबाबदार माणसाकडे सोपवा. पुढच्या बैठकीत खात्यावर दोघांची सही लागेल असा ठराव करून घ्या. मोजणीला दोघांनी बसायचं, भरणा दुसऱ्याने तपासायचा, निधीचा हिशोब ठरावीक काळाने वाचून दाखवायचा. हे तुमच्यावर अविश्वास म्हणून नव्हे, आणि तुम्ही गेल्यावर येणाऱ्या खजिनदारासाठीही ते हवंच आहे. एकट्या माणसाच्या हाती सगळी पेटी देणं ही तुमच्या मंडळीची चूक आहे, हे मी स्पष्टच म्हणते. पौलाने यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली, तेव्हा ती नेताना त्याने आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला भाऊ घेतला. कारणही लिहिलं: या मोठ्या रकमेच्या बाबतीत कुणी आम्हाला दोष लावू नये, आणि प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने जे चांगलं ते आम्ही करतो. प्रेषिताला साक्षीदार सोबत घ्यायला कमीपणा वाटला नाही.

पाळकांकडे मन मोकळं करायला भीती वाटत असेल, ती मला समजते. सगळेच पाळक पोटात गोष्ट ठेवणारे असतात असं मी म्हणणार नाही. तसं असेल तर आधी मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या, शहाण्या माणसाकडे जा आणि त्यांना घेऊन पाळकांकडे जा. पण सांगा. सोळाव्या शतकातल्या इग्नाशियस लोयोलाने मोहाविषयी म्हटलं आहे की आत्म्याचा शत्रू आपलं बोलणं गुप्त ठेवावं म्हणून धडपडतो, आणि ते एखाद्या जाणत्या माणसापुढे उघड झालं की त्याचा डाव फसतो, कारण हे त्याचं त्यालाही कळतं. एकमेकांजवळ पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, असं याकोब सांगतो ते याच अनुभवातून. माझ्याकडे पत्र पाठवून तुम्ही निम्मं काम केलंत. पण मी दूर आहे, मला तुमचं नावही माहीत नाही. तुम्हाला असा माणूस हवा जो पुढच्या रविवारी तुमच्या डोळ्यांत बघून ‘हा आठवडा कसा गेला?’ असं विचारू शकेल.

मग मदत मागा. उघड मागा, लेखी मागा. प्रेषितांच्या कृत्यांत मंडळीच्या पैशांचं पहिलं वर्णन येतं ते इमारतीचं नाही, ज्याला गरज असेल त्याला वाटून देण्याचं आहे. सहाव्या अध्यायात सात जण निवडले गेले तेही रोजच्या वाटपात विधवांची हेळसांड होऊ नये म्हणून. मात्र यात एक काळजी घ्या. इमारतीसाठी लोकांनी दिलेले पैसे इमारतीचेच, त्यातून उसने मागू नका, कुणी देऊ केले तरी घेऊ नका. गरजूंसाठी वेगळी तरतूद असेल तर तिच्यातून, नाहीतर कुणी व्यक्तिशः देऊ शकत असेल तर तिथून. तुमच्या अर्जावर चर्चा होईल तेव्हा तुम्ही खोलीबाहेर बसा आणि निर्णय इतिवृत्तात लिहिला जाऊ द्या. नकारही मिळू शकतो. तो पचवायची तयारी ठेवा. नकार मिळाला तरी तुम्ही आजच्यापेक्षा बऱ्या जागी असाल, कारण निदान चार माणसं तुमच्यासाठी विचार करू लागतील.

खजिनदारकी सोडायची का, यावर माझं मत असं: देणी मिटेपर्यंत सहीच्या अधिकारातून बाजूला व्हा. योसेफ त्याला मोहात पाडू पाहणाऱ्या पोटीफरच्या बायकोशी वाद घालत बसला नाही, वस्त्र तिच्या हातात टाकून पळाला. मोहाशी चर्चा करण्यात शहाणपण नाही, आणि रोज रात्री चेकबुक कपाटात ठेवून स्वतःच्या निश्चयाची ताकद आजमावण्यात तर मुळीच नाही. गेथशेमानेत प्रभूने शिष्यांना प्रार्थना करा एवढंच सांगितलं नव्हतं. जागे राहा आणि प्रार्थना करा, असं सांगितलं होतं, कारण आत्मा उत्सुक आहे खरा, तरी देह अशक्त आहे. तुमची प्रार्थना चालू होती, जागरण राहिलं होतं. पण तब्येतीचं किंवा वेळेचं खोटं कारण देऊन राजीनामा टाकू नका. तसं केलंत तर लपणं तेवढं चालू राहील, फक्त जागा बदलेल.

प्रभुभोजनापासून दूर राहू नका. पौलाने करिंथकरांना लिहिलं की माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं. आत्मपरीक्षा करून उठून जावं, असं त्याने लिहिलेलं नाही. पाळकांशी बोलणं झालं की पुढच्याच वेळी हात पुढे करा. पहिल्या प्रभुभोजनाच्या रात्रीच शिष्य पेत्र आपल्याला नाकारणार हे प्रभूला माहीत होतं, आणि तरी तो पेत्राला म्हणाला की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. पेत्र पडण्याच्या आधीच ती प्रार्थना झाली होती.

एक गोष्ट विचारायला मला जड जातं, पण ती टाळणं बरोबर होणार नाही. तुम्ही चेक फाडल्याचं लिहिलंत आणि माझा त्यावर विश्वास आहे. तरीही याआधी कधी एखादी छोटी रक्कम इकडची तिकडे झाली असेल, भरणा दोन दिवस उशिरा करून मधे वापरली असेल, तर तीही याच भेटीत सांगा आणि परतफेडीची तारीख ठरवा. जकातदार जक्कयाने प्रभूला घरी घेतलं तेव्हा भावना व्यक्त करून तो थांबला नाही, कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत देतो म्हणाला. रक्कम मोठी असेल तर पाळकांना भेटण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या. तो सल्ला लपवण्यासाठी घेऊ नका, कबुली नीट देता यावी म्हणून घ्या.

आणि सगळ्यांत आधी, पाळकांच्याही आधी, बायकोला सांगा. धंद्याचं, हप्त्यांचं, चेकचं. ती रागावेल, कदाचित काही दिवस बोलणार नाही. पण घरखर्चाचे निर्णय ती अर्ध्या माहितीवर घेत आहे आणि हे तिच्यावर अन्याय करणारं आहे. दोघांनी मिळून कुणाचं किती देणं आहे त्याची यादी करा. हप्ते थकलेत तिथे आणखी एक हप्ता चुकायच्या आत स्वतःहून जा आणि मुदत वाढवून मागा, व्याजाचं काय होतं ते लेखी घ्या. मुलीच्या शाळेत फी टप्प्याटप्प्याने भरू देतात का ते विचारा. विकता येण्यासारखं काही असेल तर तेही याच यादीत येऊ द्या. हिशोबाला रात्री एकट्याने बसू नका. दिवसा बसा, जेवून बसा, आणि ती समोर असू द्या.

ख्रिस्तामध्ये तुमची बहीण